तिसरे चाक

संसाराच्या गाड्याला दोन चाके असतात आणि ती सारखी चालली म्हणजे गाडा सुरळीत चालतो, असे प्रत्येक मंगलकार्यात कोणी ना कोणी वयोवृद्ध गृहस्थ सांगतातच. माझ्याही लग्नात ते सांगितले गेले. परंतु त्या गाड्याला पुढेमागे तिसरे चाक जोडण्याची वेळ आली, तर ते कोणत्या बाजूला जोडावे, वळणावर ते जमिनीवरून उचलले गेले तर काय करावे, आणि रस्त्यातील लोक हसू लागले तर चेहरा कसा ठेवावा, याविषयी त्या गृहस्थांनी अवाक्षर काढले नाही. हे सर्व ज्ञान मला १९८१ ते १९८८ या सात वर्षांत बडोद्याच्या रस्त्यांवर, स्वतःच्या खर्चाने व इतरांच्या करमणुकीसाठी मिळवावे लागले.

स्कूटरच्या डाव्या अंगाला पाइपांच्या सांगाड्यावर पत्र्याची एक होडीसारखी बैठक जोडलेली असे, तिला एक चाक असे, आणि तिला साइडकार म्हणत, हे पूर्वी कोणाला सांगावे लागत नसे. आता सांगावे लागते. त्या काळी मध्यमवर्गीय कुटुंबाची मोटार ती हीच. वडील हँडलवर, आई मागच्या गादीवर, दोन मुले साइडकारमध्ये आणि तिसरे असल्यास पुढे उभे, असे संपूर्ण बिऱ्हाड रविवारी संध्याकाळी कमाटीबागेकडे निघालेले दिसे. आमच्या घरी ती आली ती मात्र मुलांसाठी नव्हे. ती आली आईसाठी.

१९७९ च्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. प्लास्टर निघाले तेव्हा हाड सांधले होते, पण पाय वाकेनासा झाला होता. काठी घेऊन ती घरातल्या घरात हिंडे, ओसरीवर येऊन बसे. पण ताठ पायाने बसता येईल असे एकही वाहन शहरात नव्हते. स्कूटरच्या मागे एका अंगाने बसणे तिला, त्यातही नऊवारीत, अशक्यच होते. रिक्षात तो पाय आत मावेना. एकदा तिला तशीच रिक्षात बसवून नेले, तेव्हा पाऊल बाहेर राहिले आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक सायकलीगणिक तिने डोळे मिटून रामनाम घेतले. घरी आल्यावर ती म्हणाली, “आता मला कुठे नेऊ नका.” तिची धाकटी बहीण, आमची मावशी, प्रतापनगरला राहत असे. आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यापासून तिचे घर फार तर तीन किलोमीटर. पूर्वी दोघी दर एकादशीला एकमेकींकडे जात. त्या प्रसंगानंतर दीड वर्ष त्या भेटल्या नव्हत्या. मावशीला दम्याचा विकार, तिला दोन पायऱ्या चढवत नसत. आणि आमच्या वाड्याला तर सातच पायऱ्या होत्या. फोन आमच्याकडेही नव्हता, तिच्याकडेही नव्हता.

अशा वेळी, नाव नोंदवल्यापासून सहाव्या वर्षी, माझी स्कूटर आली. त्या काळी स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, हे ज्यांनी थांबून पाहिले आहे त्यांना सांगायला नको. स्कूटर हाती येताच माझ्या मनात कल्पना चमकली की साइडकारच्या नाकाडात पाय लांब करून बसण्याजोगी जागा असते. मी एका मिस्त्रीकडे गेलो, आईच्या पायाची लांबी दोरीने मोजून नेली आणि तिच्या बेताने साइडकार करून घेतली. ती दाराच्या बाजूने खाली झुकती, आत जाड गादी, पाठीला उशी. रंग निळा. मला तरी ती सुंदर वाटली.

वाड्यात आणली तेव्हा पहिली अडचण लक्षात आली. आमच्या वाड्याच्या मोठ्या दरवाजाला एक दिंडी होती. स्कूटर उंबऱ्यावर फळी टाकून तिच्यातून आत येई. साइडकारसह गाडीची रुंदी साडेचार फूट झाली, आणि दिंडी होती अडीच फुटांची. तेव्हा रोज सकाळी कचेरीत जाताना आणि संध्याकाळी परत येताना पेशवाईतला असावा असा तो अजस्र दरवाजा अडसर काढून उघडावा लागे. तो उघडताना असा आवाज होई की चारही बिऱ्हाडांतील मंडळी बाहेर डोकावत. एकदा तर समोरच्या आजींनी हळदीकुंकवाचे तबक हातात घेऊन विचारले, “कोणाची वरात आली का?”

दुसरी अडचण साक्षात आईने उपस्थित केली. ओसरीवर उभी राहून तिने त्या वाहनाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “हे काय घंगाळ आणलंस?”

“आई, तुझ्यासाठी आहे. पाय लांब करून बसता येतं यात.”

“यात बसून मी गावातून फिरू? लोक म्हणतील, म्हातारीला वजन करायला वाण्याकडे नेतोय.”

मी तिला समजावले की मोटारीचा जन्मच मुळी तीन चाकांवर झाला. जर्मनीत कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली ज्या मोटारीचे पेटंट घेतले, तिला तीनच चाके होती. आणि त्यांच्या पत्नी बर्था या १८८८ साली दोन मुलांना घेऊन त्याच जातीच्या गाडीने मानहाइमहून पफोर्त्सहाइमला आपल्या आईला भेटायला गेल्या होत्या. आईने शांतपणे ऐकून घेतले. “तिची ती गेली,” ती म्हणाली. “तिला कोणी टोपलीत घालून नेली नाही.”

आई बसत नाही तोवर निदान चालवायला तरी शिकावे, असे मी ठरवले. येथे मला एक कबुली दिली पाहिजे. ज्याला दुचाकी येते त्याला साइडकारची गाडी येते, अशी माझी समजूत होती. वस्तुस्थिती उलट आहे. ज्याला दुचाकी चांगली येते त्यालाच ती सर्वांत वाईट येते. दुचाकीवर आपण वळताना नकळत कलतो, गाडीही कलते. साइडकार जोडली की गाडी कलायचे नाव घेत नाही. आपण एकटेच कलतो, गाडी सरळ जाते, आणि समोर जो कोणी असेल त्याची गाठ पडते. माझी पहिली गाठ वांग्यांच्या लारीशी पडली.

त्यात तिचे आणखी दोन स्वभाव होते. वेग वाढवला की ती डावीकडे ओढे, कारण साइडकारला स्वतःचे यंत्र नाही, ती मागे रेंगाळते. ब्रेक लावला की उजवीकडे ओढे, कारण साइडकारच्या चाकाला ब्रेक नाही आणि तिला पुढेच जायचे असते. म्हणजे निघावे तर गटाराकडे, थांबावे तर समोरून येणाऱ्या बसकडे. न्यायमंदिरासमोरच्या गर्दीत निघणे आणि थांबणे एवढेच काय ते करायचे असते; त्यामुळे तेथून जाताना माझी गाडी एखाद्या मद्यप्याच्या चालीने चाले, आणि गुजरातेत तर दारूबंदी. एका पोलिसाने माझ्या तोंडाचा वास घेऊन पाहिल्याचे मला स्मरते.

सर्वांत भयंकर म्हणजे डावे वळण. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, तेव्हा डावे वळण नेहमीच आखूड व एकाएकी येते. आणि साइडकार रिकामी असली तर त्याच वळणावर तिचे चाक जमिनीवरून उचलले जाते. रावपुऱ्यातून वळताना ती प्रथम उचलली गेली, तेव्हा मला वाटले, गाडी आता विमानासारखी वर जाणार. शेजारी उभी असलेली पोरे आनंदाने ओरडली. १९७५ साली आलेल्या ‘शोले’त साइडकार गाडीपासून सुटून स्वतंत्रपणे धावते, हे प्रत्येक पोराने निदान दोनदा पाहिलेले होते. “काका, आता सुटणार का?” असे मला पुढे दोन वर्षे विचारले जाई, आणि त्यात निराशेचा सूर असे.

मिस्त्रीने उपाय सांगितला: शिकेपर्यंत साइडकारमध्ये वजन ठेवा. दोन दिवस मी पत्नीला नेले. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, “अहो, मला माणूस म्हणून नेता की वजन म्हणून?” याला मला वेळेवर उत्तर सुचले नाही, आणि ती उतरली. मग मोरीजवळ उभा करून ठेवलेल्या पाट्याकडे माझे लक्ष गेले. घरात मिक्सर आल्यापासून त्याला काम नव्हते. आईच्या लग्नात आलेला तो काळा दगडी पाटा, वजन पंचवीस किलोच्या आसपास. मी तो गोणपाटात गुंडाळला आणि साइडकारच्या गादीवर ठेवला. गाडी एकदम शहाणी झाली.

त्यानंतर पाटा रोज माझ्याबरोबर कचेरीत येऊ लागला. सकाळी दरवाजा करकरला की आई ओसरीवरून म्हणे, “निघाला का पाटा फिरायला?” संध्याकाळी परत आलो की विचारी, “आज कुठवर गेला होता?” मी म्हणे, “अलकापुरीला.” “भाग्याचा आहे,” ती म्हणे. तिच्या बोलण्यात थट्टा होती हे खरे. पण काही दिवसांनी माझ्या लक्षात आले की संध्याकाळी ती हा प्रश्न विचारण्यासाठी वाट पाहत बसलेली असे, आणि मी कोणकोणत्या रस्त्याने आलो, मांडवीपाशी गर्दी होती का, सूरसागराला पाणी किती आहे, हे सर्व ती पाट्याच्या निमित्ताने विचारून घेई.

दरम्यान साइडकारने आपले इतर गुण दाखवायला आरंभ केला होता. दुचाकीवाला खड्डा चुकवतो. तीन चाकांच्या गाडीचे दोन माग पडतात. एका मागाने खड्डा चुकवावा तर दुसरा त्यात बरोबर जातो. आमच्या प्रभागातला एकही खड्डा मी सोडला नाही. मागे जायचे म्हटले तर उलट चालण्याचा गिअर नाही. बोळात चुकून शिरले की खाली उतरून, हँडल धरून, सगळे धूड मागे ढकलावे लागे आणि त्याच सुमारास मागून गाय येई. स्कूटर सकाळी सुरू होईना तर ती एका अंगावर कलंडवून पेट्रोल खाली उतरवायचे, हा त्या काळचा सर्वमान्य घरगुती उपाय. साइडकार जोडलेली स्कूटर कशी कलंडवणार? दोन शेजाऱ्यांना बोलवावे, त्यांनी साइडकार पाट्यासकट उचलून धरावी, आणि मी किक मारावी. एकजण धोतर सावरत म्हणाले, “हिच्यापेक्षा बैल बरा. तो निदान स्वतः उठतो.”

पहिल्या पावसात आणखी एक शोध लागला. मिस्त्रीने साइडकार इतकी पक्की केली होती की तिच्या तळाला एकही छिद्र ठेवले नव्हते. रात्रभर पाऊस पडला. सकाळी पाहतो तो पाटा पाण्याखाली आणि वाड्यातली मुले त्यावर कागदाच्या होड्या सोडीत आहेत. मी मिस्त्रीकडे जाऊन चार छिद्रे पाडून घेतली. त्यानंतर वरून येणारे पाणी साठेनासे झाले, पण रस्त्यावरचे खालून येऊ लागले.

आणि लोक! मागे कोणी नसताना गाडी सावकाश चालली की हटकून कोणीतरी हात करी, “खाली छे? स्टेशन जवुं छे.” आरंभी मी रागावत असे. पुढे पुढे एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोडूनही येत असे, पाटा मांडीवर घ्यायची तयारी असेल तर. वाड्यातल्या बिऱ्हाडांनी तर गाडी सार्वजनिकच ठरवली. गव्हाची पोती, शिलाईयंत्र, गॅसचे सिलिंडर, दळणाचे डबे, सुनेच्या माहेरचा फणस ही सर्व मंडळी तीत बसून आली. भाद्रपदात वाड्याचा गणपती तीत बसून आला. त्या दिवशी मात्र मी डावे वळण असे घेतले की नव्या नवरीनेही पाऊल तसे टाकले नसेल. चि. वि. जोशी यांचे बरेच आयुष्य आमच्या याच शहरात गेले. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांना ही गाडी मिळाली असती तर मराठी विनोदी वाङ्मयात एका ग्रंथाची भर पडली असती, असे मला अनेकदा वाटे. पण गंमत दुसऱ्याच्या गाडीची असते.

सारे बडोदे त्या साइडकारमध्ये बसून गेले. जिच्या पायाच्या मापाने ती केली होती, ती तेवढी बसली नाही. मी आग्रह करणे सोडून दिले होते. पत्नी एकदा म्हणाली, “आईंना भीती गाडीची नाही. आपल्याला कोणी उचलून ठेवतंय, हे त्यांना सोसत नाही.” मला ते तोवर सुचले नव्हते.

१९८२ च्या मार्गशीर्षात एका सकाळी मावशीचा मुलगा सायकलीवरून आला. मावशीचा दमा रात्री फार वाढला होता, डॉक्टर येऊन गेले होते, आणि ती सारखी ताईचे नाव घेत होती. आईने त्याचे बोलणे पुरे होऊ दिले. मग ती काठी टेकत ओसरीच्या कडेपर्यंत आली आणि मला म्हणाली,

“पाटा काढ.”

तिला उचलावे लागू नये म्हणून मी गाडी ओसरीच्या कडेला लावली. आईने कडेवर बसून आधी ताठ पाय साइडकारमध्ये सोडला, मग हातांच्या आधाराने स्वतः सरकून बसली. पाय नाकाडात बरोबर मावला. दोरीचे माप चुकले नव्हते. पत्नी मागे बसली, दरवाजा करकरत उघडला, चारही बिऱ्हाडे बाहेर आली आणि त्या दिवशी कोणीही काही बोलले नाही.

आईचे वजन बेचाळीस किलो. पाट्याच्या वजनाशी सरावलेला माझा हात पुन्हा चुकू लागला. पंचवीस किलोची गाडी निराळी आणि बेचाळीसची निराळी. खंडेराव मार्केटपाशी ब्रेक लावताच गाडी उजवीकडे गेली, आईने काठीने साइडकारच्या पत्र्यावर दोन टोले दिले आणि ओरडली, “डावीकडे घे!” मी घेतली. राजमहाल रस्त्यावर एका गृहस्थाने हात केला, “खाली छे?” माझ्या आधी आईनेच उत्तर दिले, “ना भाई, खाली नथी.” त्या स्वरात जो थाट होता तो लक्ष्मीविलास राजवाड्यातून निघणाऱ्या बग्गीलाच शोभला असता.

मावशीच्या दाराशी पोचलो. दोघी बहिणी काय बोलल्या ते मी ऐकले नाही. मी बाहेर गाडीपाशी थांबलो होतो. दोन तासांनी मला आत चहाला बोलावले तेव्हा मावशी उशीला टेकून बसली होती आणि आई तिला सांगत होती, “त्या गाडीतून मला जगाचे गुडघे तेवढे दिसतात बघ. आणि सगळ्यांचे वाकतात!” हसता हसता मावशीला पुन्हा ढास लागली आणि पत्नीने धावत जाऊन पाणी आणले.

मावशी त्या दुखण्यातून उठली. त्यानंतर दर एकादशीला साइडकार प्रतापनगरला जाऊ लागली. आई गाडीची मालकीण झाली, एवढेच नव्हे तर चालक मी असलो तरी चालवी तीच. पत्र्यावर एक टोला म्हणजे सावकाश, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे थांब, भाजी चांगली दिसते आहे. कोणाला गाडी हवी असेल तर त्याने आता मला नव्हे, तिला विचारायचे. पाटा पुन्हा मोरीजवळ गेला. ती नसेल त्या दिवशी तेवढा तिच्या जागी बसे. गाडी सुरू न होणे, खड्डे, गाय, खालून येणारे पाणी यांत काडीचाही फरक पडला नाही. फक्त तक्रार करायला आम्ही दोघे झालो. नऊवारीचा काठ चिखलाने भरला की ती म्हणे, “तुझ्या मिस्त्रीला एकदा बसव यात.”

आई १९८८ च्या फाल्गुनात गेली. योगायोग असा की त्याच वर्षी संमत झालेल्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलीची जी व्याख्या आहे, तिच्यानुसार जादा चाक असलेली, काढता-जोडता येणारी साइडकार लावली तरी ते वाहन दुचाकीच समजले जाते. म्हणजे सात वर्षे ज्या तिसऱ्या चाकाने माझी झोप उडवली होती, ते कायद्याच्या लेखी नव्हतेच. काही महिने मी पाटा घेऊन कचेरीत जात राहिलो. संध्याकाळी दरवाजा उघडताना, आज कुठवर गेला होता हे विचारायला ओसरीवर कोणी नसे. दिवाळीपूर्वी एका दुकानदाराने माल ने-आण करण्यासाठी साइडकार मागितली, ती मी देऊन टाकली. मिस्त्रीने चार बोल्ट काढले. अर्ध्या तासाचेही काम नव्हते. पाटा मी परत घरी आणला.

दुसऱ्या दिवशी कचेरीला निघालो. दिंडीतून, फळीवरून, कोणाला न कळता बाहेर पडलो. गाडी डावीकडे ओढत नव्हती, उजवीकडे जात नव्हती, वळणावर माझ्याबरोबर मुकाट्याने कलत होती. कोठी चार रस्त्यावर वाहतूक पोलिसाने हात वर केला. मी ब्रेक लावला, गाडी जागच्या जागी उभी राहिली, आणि गेल्या सात वर्षांच्या सवयीने मी दोन्ही पाय फळीवरच ठेवून निश्चिंतपणे बसून राहिलो. साइडकारच्या गाडीला थांबल्यावर पाय टेकावा लागत नाही. क्षणभर काहीच झाले नाही. मग मी गाडीसह, अगदी सावकाश, डाव्या अंगाला कलंडलो.

दोनतीन माणसे धावत आली. त्यांतल्या एका तरुणाने मला हात देऊन उठवले, कपडे झटकले, स्कूटर उभी करून दिली आणि सहानुभूतीने विचारले, “काका, नवुं नवुं शीखो छो?”

मी हो म्हणालो.